चपला उलटून बघणारे तात्या

दाराबाहेर चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, असं आमच्या गावाकडे मानतात. चिंचवडलाही मानतात. पण आमच्या बिऱ्हाडाबाहेर यांची चप्पल उलटी दिसली, तर मी भांडणाची वाट बघत नसे. मला कळायचं, तात्या येऊन गेले.

तात्या आमचे शेजारी. यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम लागलं म्हणून मी लग्नानंतर कराडकडून चिंचवडला आले. स्टेशनाकडून गावठाणात जाताना एका ओळीत चार खोल्या होत्या. दोन आमच्या, दोन तात्यांच्या. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा. तात्या रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, नुकतेच निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत, धोतर, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात एक भिंग. घरात ते आणि माई, दोघंच. मूल नव्हतं.

मी मुलखाची बुजरी. तात्यांशी समोरासमोर कधी बोलले नाही. काही सांगायचं असलं तर माईंना सांगायची. माई तेच हातभर अंतरावर बसलेल्या तात्यांना सांगायच्या. तात्याही उत्तर माईंनाच द्यायचे, "सूनबाईंना म्हणावं, असं असं." मग माई म्हणायच्या, "ऐकलं तिनं. बहिरी नाही ती."

'बघू या' हा तात्यांचा शब्द. कुणी काही विचारलं की आधी 'बघू या', आणि मग ते खरंच बघायला जात. तीस वर्षं पोती, पेट्या, तेलाचे डबे ठोकून, हुंगून, उलटसुलट करून मगच त्यांनी सही केलेली. ती सवय निवृत्त झाली नाही. वांगी उन्हात धरून बघायचे. नारळ कानाला लावून वाजवायचे, आणि नंतर तोच कान माठाला लावायचे. एकदा माईंना नवा स्टोव्ह हवा होता. तात्या दुकानात चार वेळा जाऊन आले. दर वेळी दुकानदाराने पेटवून दाखवायचा आणि पेटलाच आहे तर चहा ठेवायचा. चौथ्या खेपेला तात्या म्हणाले, हा काळा पडलेला दिसतो, दुसरा नवा दाखवा. माई ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि तात्या समोर बसून शांतपणे म्हणायचे, "काळा होताच तो."

असा माणूस आयुष्यात एकच गोष्ट एका नजरेत घेऊन आला, आणि ती म्हणजे मोटार.

त्याचं कारण माईंचे गुडघे. माईंचं माहेर महाळुंगे, चाकणच्या पलीकडे. शेतकऱ्याचं घर. आई गेलेली, वडील होते. त्यांना सगळे आबा म्हणत. माईंचे गुडघे सुजून असे झाले होते की एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि बैलगाडीच्या हादऱ्यांनी त्या रडकुंडीला यायच्या. पाच वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. आणि आबा इकडे येत नव्हते. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. लग्न झाल्यापासून आबा माईंच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

दिवाळीनंतर चाकणच्या बाजाराला कांदे-बटाटे घेऊन आलेल्या एकाने तिथून निरोप धाडला. आबांच्या डोळ्यांवर पडदा चढत चाललाय. दिवसा माणूस ओळखतात, दिवस कलला की काही दिसत नाही. आबांनी म्हटलंय, दिसतंय तवर लेकीला एकदा बघतो.

त्या संध्याकाळी माईंनी एक गाठोडं बांधलं. त्यात आबांसाठी एक नवी घोंगडी घातली आणि ते कोपऱ्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तात्या दिघीला गेले. तिथला कोणी लष्करी साहेब बदली होऊन चालला होता आणि त्याची लहानशी मोटार विकायची होती. तात्या बघू या न म्हणता घेऊन आले. गाडी म्हणजे एक डबीच. शेवाळाच्या रंगाची. चार माणसं बसली तर चौघांचे गुडघे हनुवटीला लागावेत. भोंगा करडू ओरडावं तसा. पण पायरी बुटकी होती, माईंना चढता येईल एवढी, आणि तात्यांनी तेवढंच बघितलं होतं. साहेबाच्या ड्रायव्हरकडून ते दिघीच्या माळावर आठवडाभर गाडी शिकले.

आठवड्यानंतर भिंग काढलं. तेव्हा चार टायर दिसले. माझ्या पोळपाटावर जेवढी नक्षी होती तेवढी त्यांच्यावर उरली होती, म्हणजे काहीच नाही. कडेला भेगा. एका भेगेत तात्यांचं नख गेलं.

"एकदाच घाई केली," तात्या म्हणाले, आणि टोपी काढून बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

आता टायर घ्यायचे म्हणजे काय, पुण्यात जायचं आणि घ्यायचे, असं आमच्या यांना वाटलं. यांनी ते बोलूनही दाखवलं. तात्यांनी यांच्याकडे दयेने बघितलं. मग पुढचे तीन महिने आमच्या ओळीत टायर सोडून दुसरं बोलणं नव्हतं. लष्कराच्या लिलावात मिळतात, पण ते जीपचे. पुण्याच्या दुकानात नवे मिळतात, पण दुकानदार सगळ्यांनाच चांगलं म्हणतो. जुन्यावर नवं रबर चढवून देणाराही एक होता. पण चढवलेलं उतरलं तर? तात्या एकेका दुकानात चार चार वेळा जाऊन आले. चाकणचे कांदेवाले निरोप आणतच होते, आणि माई प्रत्येकाला सांगत होत्या, "येतो म्हणावं. टायर बघतायत."

मग तात्यांना युक्ती सुचली. ती दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

तेव्हा गावोगावचे लोक टायरच्या चपला घालायचे. फाटका टायर कापून त्याचा तळ करायचा आणि वर पट्टे मारायचे. आमच्या कोपऱ्यावर धोंडिबा बसायचे, तात्यांपेक्षा थोडे मोठे. पंचक्रोशीच्या अशा चपला तेच करायचे. तात्यांनी विचार केला की चाकण-महाळुंग्याचे लोक त्याच रस्त्याने चालतात, ज्या रस्त्याने आपल्याला जायचं आहे. तोच मुरूम, तेच दगड, तोच फुफाटा. मग ज्या टायरची चप्पल त्या रस्त्यावर जास्त टिकली, तो टायर चांगला. दुकानदार खोटं बोलेल, चप्पल कशी बोलेल?

आणि तात्या चपला बघत सुटले. कीर्तन असलं की देवळात शिरायचेच नाहीत. बाहेर उकिडवे बसून एकेक चप्पल उलटी करायचे, भिंग लावायचे, अंगठ्याने दाबायचे, आणि मालकाची वाट बघायचे. मालक बाहेर आला की, कुठले आपण, किती दिवस घालता, रोज किती चालता? पहिल्या आठवड्यात दोघांनी त्यांना चोर समजून धरलं. एकाने तर मनगट सोडलं नाही आणि तात्या तशाच अवस्थेत त्याला विचारत होते, "डावी जास्त झिजलीय. डावा पाय ओढता का?" तो माणूस खरंच ओढत होता. त्याने मनगट सोडलं.

ही सगळी माहिती लिहून ठेवायला वही हवी. तात्यांना लिहिता यायचं, पण रबरावरची नक्षी काढता येईना. काढायला गेले की सगळ्या नक्ष्या पोत्याच्या शिवणीसारख्या दिसायच्या. माई म्हणाल्या, शेजारची बघा कशी रांगोळी काढते. दुसऱ्या दिवशी माईंबरोबर वही आणि पेन्सिल माझ्याकडे आली. मग रोज दुपारी तात्या उंबऱ्याबाहेर चप्पल ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी आतून नक्षी उतरून घ्यायची. माशाच्या काट्यासारखी, चटईच्या विणीसारखी, करंजीच्या मुरडीसारखी. नावंही मीच दिली, माईंमार्फत. मी चौथीनंतर पेन्सिल हातात धरली नव्हती. आज हे लिहितेय त्याची सवय त्या वहीने लावली. एवढंच की काही दिवसांनी माझी दारातली रांगोळी बघून हे म्हणाले, "इथून ट्रक गेला का?"

भांडण झालं ते फक्त एकदा. मागच्या आळीत एका मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी खेडेगावातून चालत आलेली, म्हणजे तात्यांच्या दृष्टीने पर्वणी. आत ओटी भरणं चाललं होतं. बाहेर तात्यांनी सगळ्या चपला ओळीने लावल्या, उलट्या. तीसेक जोड पोट वर करून पडलेले. मुलाची आत्या पाणी प्यायला बाहेर आली आणि ते बघून उंबऱ्यातच थबकली. म्हणाली, हे मुलीकडच्यांनी मुद्दाम केलंय, आमच्यात भांडणं लावायला. मुलीकडचे म्हणाले, आम्ही कशाला करू, तुमच्याच चपला आहेत. आवाज चढत गेले. तासाभरापूर्वी एकमेकांना पेढे भरवणारी माणसं एकमेकांची जुनी लग्नं काढायला लागली. तात्या मात्र एक जोड हातात घेऊन मधेच उभे राहिले. "भांडा, पण माशाच्या काट्याचा हा जोड कुणाचा, तेवढं सांगा. सगळ्यांत कमी झिजलाय."

तो जोड मुलाच्या वडिलांचा निघाला. ते इतके खूश झाले की साखरपुडा पुढे चालू झाला. आत्या मात्र जाईपर्यंत तात्यांकडे पाठ करून बसली.

असा माशाचा काटा जिंकला. वहीची पन्नास पानं भरली तेव्हा तात्यांना खात्री पटली. फाल्गुन लागला होता. वही काखेत मारून ते धोंडिबांकडे गेले आणि सगळं वाचून दाखवलं. धोंडिबा तळ कापत होते. ऐकून घेतलं, रापी खाली ठेवली.

"तात्या, ह्यो सगळा ट्रकचा टायर हाय."

"म्हणजे?"

"चपलेला ट्रकचाच लागतो. जाड असतो. तुमच्या गाडीचं रबर पापडावानी. त्याची चप्पल म्या कधी केलीच न्हाई."

"मग तुम्ही तीन महिने बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलंत कुठं? तुमी बघत व्हता."

तात्या घरी आले. वही कोनाड्यात ठेवली. त्याच दुपारी चाकणहून शेवटचा निरोप आला होता, तो माईंनी त्यांना सांगितला. आबांना आता दुपारीही अंधुक दिसतं. परवा पुतण्याला त्यांनी दुसऱ्याच नावाने हाक मारली.

मी दारात गहू निवडत होते. भिंत पातळ, त्यात दार उघडं. माईंचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आबांची नजर तुमच्या टायरसाठी थांबणार आहे का?"

तात्या म्हणाले, "मोशीचा उतार आहे. खाली नदी. तिथे टायर फुटला तर मी उडी टाकीन. तुला उडी टाकता येत नाही."

मी सूप हलवायची थांबले. इतके दिवस आम्ही सगळे हसत होतो, आणि हा माणूस मनात त्या उतारावर उभा होता.

माई म्हणाल्या, "तुम्ही उडी टाकणार? कुठे टाकायची ते आधी चार वेळा बघावं लागेल तुम्हाला. तोवर गाडी महाळुंग्याला पोचेल."

आतून आधी माईंचं हसू आलं, मग तात्यांचं. दुसऱ्या दिवशी तात्या पुण्याला निघाले, पण या वेळी धोंडिबांना बरोबर घेऊन.

पुण्यातली हकीकत धोंडिबांनीच नंतर आमच्या यांना सांगितली. दुकानदाराला कळेना की मोटारवाला गिऱ्हाईक चपला शिवणाऱ्याला का विचारतोय. धोंडिबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आधी माप. जुन्या टायरच्या कडेला जो आकडा होता तोच नव्यावर आहे की नाही, तो तात्यांना दोनदा वाचायला लावला. मग कडा दाबून भेगा बघितल्या. दुकानात पडून वाळलेले दोन बाजूला काढले. मग रबरात नख रोवलं, हुंगलं. नक्षी सगळ्यांत शेवटी, आणि ती निघाली चटईची. तात्या म्हणाले, पुढचे दोन नवे घेऊ, मागे रबर चढवलेले चालतील, बघू या. धोंडिबा म्हणाले, "एका पायात नवी, एका पायात जुनी घालून चालाल व्हय?" चारही नवे, एकाच जातीचे घेतले. दुकानात मागवलेला चहा यायच्या आत खरेदी झाली होती.

जुने चार टायर धोंडिबांनी नेले. ट्रकचे जड पडतात, बायकांच्या पायाला हे हलके होतील म्हणाले. त्यातला पहिला जोड माईंना केला आणि दुसरा मला.

महाळुंग्याला मलाही नेलं, माईंना चढता-उतरताना हात द्यायला. सकाळी निघालो. माईंच्या मांडीवर ते गाठोडं. अंतर काही फार नव्हतं, जेवायच्या वेळेला पोचायचं होतं. पण तात्या दर मैलाला गाडी थांबवायचे, उतरायचे, आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा चारही टायरांना हात लावायचे. भोसरीच्या पुढे एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. गाडीवान म्हणाला, "पाव्हणं, ढकलू का?" तात्यांनी त्याला नमस्कार केला.

मोशीच्या उताराच्या डोक्यावर तात्यांनी गाडी उभी केली, चाकांना दगड लावले आणि पायी उतरून दोनदा नदीपर्यंत जाऊन आले. पुन्हा गेले. ऊन चढलेलं. माई आणि मी आत बसून होतो.

"मला बघायलाही असेच चार वेळा आले होते," माई म्हणाल्या. "चौथ्या वेळी आबांनी विचारलं, पोरगी बघताय का बैल? लग्नानंतर मी एकदा खोदून विचारलं, इतकं काय बघत होता? तर म्हणतात, पसंत पहिल्याच वेळी होतीस. पण हो म्हटलं असतं तर लग्नापर्यंत बघायला मिळाली नसतीस."

तात्या धापा टाकत वर येत होते. टोपी हातात, धोतराला धूळ. माई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "हा तिसरा. अजून एक आहे."

चौथ्यानंतर आम्ही उतार उतरलो. चाक एकदाही घसरलं नाही.

महाळुंग्याला पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. ओट्यावर आबा बसले होते, सकाळपासून तिथेच होते म्हणे. मी माईंना धरून ओट्यावर नेलं. माईंनी पायावर डोकं ठेवलं. आबांनी हात पुढे केला, तो माईंच्या खांद्याऐवजी माझ्या खांद्यावर पडला.

"कोण, सोनी का?" त्यांनी मला विचारलं.

सोनी हे माईंचं माहेरचं नाव; मी आबांचा हात उचलून माईंच्या खांद्यावर ठेवला. आबा म्हणाले, "दिस असता तर दिसलं असतं गं. आता समदं धुरावानी."

तात्या अंगणात उभे होते. दर मैलाला थांबलेला माणूस. ते वळले आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, तोंड लपवायला गेले. तेवढ्यात गाडी घरघरली, हळूहळू वळली, तोंड ओट्याकडे करून थांबली, आणि तिचे दोन्ही दिवे लागले. सगळा ओटा पांढरा झाला. माईंचं कुंकू, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांतलं पाणी, सगळं स्पष्ट. इंजिन मंद झालं की दिवे पिवळे पडायचे, म्हणून तात्या आत बसून पायाने ते जोरात चालू ठेवत होते. गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

आबांनी माईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. जवळ घेतलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं.

"व्हय," ते म्हणाले. "माझीच हाय. केस पांढरं झालं गं."

मग बऱ्याच वेळाने गाडीकडे हात केला. "जावईबापू, बास आता. दिवं इझवा, तुमचं त्याल जळतंय."

"जळू द्या, आबा," तात्या आतून म्हणाले. "सावकाश बघा. घाई नाही."

पुढच्या वर्षी कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला खोली मिळाली. सामान न्यायला महाळुंग्याचीच बैलगाडी आली, आबांच्या पुतण्याची. तिला नवी रबरी चाकं बसवलेली. पेट्या चढल्या, माठ चढला. मी माईंच्या पाया पडले. तात्या भिंग काढून गाडीच्या चाकापाशी बसले. दाबून बघितलं, ठोकून बघितलं. उठून दुसऱ्या बाजूला गेले. पुन्हा पहिल्या बाजूला आले, असं दोनदा.

पुतण्या म्हणाला, "तात्या, सोडू का गाडी?"

"बघू या," तात्या म्हणाले, आणि पुन्हा गाडीला फेरा घालायला लागले. तो तिसरा होता. मी मोजत होते.

हे घड्याळाकडे बघत होते. मी पायात धोंडिबांनी केलेल्या चपला घालून गाडीवर बसले होते. पदर सारखा केला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे माईंना न घेता, मी तात्यांशी बोलले.

"सावकाश बघा, तात्या," मी म्हटलं. "घाई नाही."

तात्यांनी वर बघितलं नाही. वाकलेलेच होते, टोपी तेवढी दिसत होती. ते चाकाला हात लावत लावत चौथ्या फेऱ्याला निघाले.